परमुलखातील उद्योग आणि डोंगरउतारावरील सायकल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आम्हांस बोलावयास सांगण्यात आले, तेव्हा आनंद झाला आणि संकोचही वाटला. आमच्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शिवकालीन राज्यकारभार यांवर अभ्यासपूर्ण विवेचन केले. आम्ही पडलो सरकारी नोकर. पदवी कला शाखेची, आणि आयुष्य गेले ते केंद्रीय अबकारी खात्यात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि खात्याचे नाव पालटले, फायली मात्र त्याच राहिल्या. या नोकरीने आम्हांस एकच विद्या दिली. देशभरचे कारखाने आतून पाहावयास मिळाले. म्हणून आम्ही आजचा विषय कारखान्यातूनच निवडला आहे. परदेशात जाऊन, डोंगरावर चालविण्याच्या सायकलींचे सुटे भाग विकण्याचा व्यवसाय उभारणाऱ्या एका उद्योजकाची ही हकीकत आहे. विषय कानी पडताच आपल्या कार्यवाहांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि ‘नक्की ना?’ असे विचारले. नक्कीच. या विषयामागे एक घरगुती कारणही आहे. ते शेवटी निवेदन करू.

आमच्या नोकरीच्या प्रारंभीची काही वर्षे लुधियान्यात गेली. लुधियाना म्हणजे सायकलींची पंढरी. कमालिया या गावाहून निघालेल्या मुंजाल बंधूंनी प्रथम सायकलीचे सुटे भाग केले, १९५६ साली लुधियान्यात हीरो सायकलची स्थापना केली, आणि १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून त्यांची गिनेसच्या ग्रंथात नोंद झाली. परंतु आमचा संबंध अधिक येई तो गिल रोडच्या परिसरातील लहान कारखान्यांशी. एका छपराखाली चार यंत्रे, तेलाने काळे झालेले हात, आणि दाराशी पोत्यांतून भरलेले एकाच प्रकारचे हजारो तुकडे. एकाकडे केवळ पायटे होत, दुसऱ्याकडे केवळ तारा, तिसऱ्याकडे केवळ घंटा. अशाच एका कारखान्यात तपासणीस गेलो असता एका वृद्ध सरदारजींनी चहा पुढे केला व म्हणाले, ‘साहब, साइकिल तो कोई भी जोड़ लेगा. फ्रीव्हील बनाके दिखाए कोई.’

फ्रीव्हील आपण सर्वांनी पाहिलेले आहे. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून जे शिकले, त्यांना तर त्याचा आवाजही आठवेल. उतारावर पाय स्थिर ठेवले की मागील चाकातून जो टकटक असा आवाज येतो, तो फ्रीव्हीलचा. त्याच्या पोटात लहानशा खिट्या असतात. कारागीर त्यांस ‘कुत्ता’ म्हणतात. पाय थांबले की त्या दात्यांवरून घसरत राहतात आणि चाक मोकळे फिरते. पायटा मारताच त्या दात्यांत अडकतात आणि पायाचा जोर चाकास मिळतो. खिटी मऊ पडली तर झिजते, फार कडक झाली तर तुटते. लोखंड किती तापवावे आणि केव्हा निववावे, याचे ज्ञान असल्याशिवाय ते जमत नाही. सरदारजींच्या बोलण्याचा अर्थ हा होता.

याच वस्तूपासून आमच्या कथानायकाच्या घराण्याचा प्रारंभ होतो.

जपानमध्ये ओसाकाच्या दक्षिणेस साकाई नावाचे बंदर आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीजांनी जपानात बंदूक आणली, आणि थोड्याच काळात साकाईचे लोहार बंदुका घडवू लागले. तेथील सुऱ्याही प्रसिद्धच होत्या. पुढे देशात शांतता नांदली आणि बंदुकांची गरज राहिली नाही. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून सायकली आल्या, त्या मोडू लागल्या, आणि त्या दुरुस्त करण्याचे काम या लोहारांकडे आले. नळी आणि खीळ घडविणारा हात सायकलीकडे सहज वळला. १९२१ च्या फेब्रुवारीत शोझाबुरो शिमानो या सत्तावीस वर्षांच्याही आतल्या कारागिराने साकाईत एका लेथ यंत्रावर आपला लोखंडी कारखाना सुरू केला. त्याने निवडलेली पहिली वस्तू म्हणजे फ्रीव्हील. त्या काळी सायकलीतील सर्वांत अवघड समजला जाणारा भाग तोच होता. सोप्या वस्तूने आरंभ करून हळूहळू अवघडाकडे जावे, असा आपला सर्वसाधारण विचार असतो. या गृहस्थाने उलट केले. अवघड वस्तू ज्यास साधते, त्याच्याकडे गिऱ्हाईक आपण होऊन येते, हे त्याने ओळखले असावे.

१९५८ मध्ये शोझाबुरोंचे निधन झाले. तोवर कारखाना मोठा झाला होता, आणि मागील चाकाच्या तुंब्यात तीन वेग बसविण्याची विद्याही साध्य झाली होती. थोरले पुत्र शोझो अध्यक्ष झाले. दुसरे केझो यांचा ओढा यंत्रविद्येकडे होता. तिसरे योशिझो. आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, ते हेच योशिझो शिमानो.

१९६५ साली न्यूयॉर्क येथे शिमानोची अमेरिकन शाखा स्थापन झाली आणि तिची धुरा योशिझोंकडे आली. तेव्हा त्यांचे वय एकतीसच्या आसपास होते. महायुद्ध संपून जेमतेम वीस वर्षे लोटली होती. ‘जपानी माल’ या शब्दांस त्या काळी अमेरिकेत स्वस्त आणि तकलादू असा वास येत असे. चांगले भाग म्हणजे इटालियन किंवा फ्रेंच, अशी सायकलशौकिनांची श्रद्धा होती. आणि शिमानो तर संपूर्ण सायकलही विकत नव्हते. ते विकत होते सायकलीच्या आत दडलेले भाग, ज्यांचे नाव चालविणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

अशा स्थितीत आपण काय केले असते? एखाद्या मोठ्या आयातदारास गाठून, सवलत देऊन, माल त्याच्या माथी मारून मोकळे झालो असतो. शिमानोच्या लोकांनी आयातदार व कारखानदार यांच्याशी व्यवहार तर केलाच. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते या संपूर्ण कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. त्यांची माणसे मोटारीत सामान भरून अमेरिकेच्या गावोगावी हिंडली. या उपक्रमास त्यांनी ‘डीलर कॅरव्हॅन’ असे नाव दिले होते. डीलर म्हणजे कोण? तर कोपऱ्यावरचा सायकलवाला, जो नवी सायकल विकतो आणि जुनीचे पंक्चरही काढतो. शिमानोची माणसे त्याच्या दुकानात जात, आपला भाग कसा बसवावा, कसा दुरुस्त करावा हे दाखवीत, आणि त्यानंतर त्याचे म्हणणे ऐकून घेत. काय मोडते, काय गंजते, गिऱ्हाईक कशास कंटाळते, ही सारी तक्रार साकाईस पोहोचत असे.

श्रोतेहो, तक्रार ऐकून घेणे ही वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. आम्ही गेली तीन दशके तक्रारींच्या फायली हाताळीत आहोत. तक्रार आली की तिला उत्तर कसे द्यावे हे आम्हांस उत्तम अवगत आहे. ती ऐकावी कशी, हे आम्हांस कोणी शिकविले नाही. परक्या देशात, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, तेलकट हाताच्या माणसासमोर उभे राहून आपल्याच वस्तूचे दोष ऐकून घेणे यास निराळी मनोवृत्ती लागते.

या हिंडण्याचे फळ कसे मिळाले ते आता पाहू.

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सायकलींची लाटच आली. १९७३ या एका वर्षात तेथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. शिमानोस मागणी पुरविणे कठीण झाले. त्याच वर्षी त्यांनी सिंगापूर येथे परदेशातील आपला पहिला कारखाना काढला. परंतु लाट जशी आली तशी ओसरली. १९७५ पर्यंत अमेरिकेतील विक्री निम्म्यावर आली. ज्यांनी केवळ लाटेच्या बळावर यंत्रे घेतली, त्यांची काय गत झाली असेल ते सांगावयास नको. पुढे १९८० च्या सुमारास शिमानोने वाऱ्याचा विरोध कमी करणारे, निमुळत्या आकाराचे शर्यतीच्या सायकलींचे भाग मोठ्या उमेदीने बाजारात आणले. दिसावयास ते देखणे होते. परंतु लोकांनी ते घेतले नाहीत, आणि त्या प्रयोगाचा फटका कंपनीस चांगलाच बसला.

याच सुमारास दूर पश्चिमेस, कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, काही तरुणांनी एक नवा नाद लावून घेतला होता. टॅमालपाइस नावाच्या पर्वताच्या परिसरात वणवा विझविण्यासाठी केलेल्या कच्च्या वाटा आहेत. हे तरुण भंगारातून महायुद्धापूर्वीच्या, जाड टायरांच्या जुन्या वजनदार सायकली उचलून आणीत, त्या डोंगरावर चढवीत, आणि मग त्या वाटांवरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी अशा उताराची पहिली शर्यत लावली. या उतारास ‘रीपॅक’ असे नाव पडले होते. त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. जुन्या सायकलींचा ब्रेक मागील तुंब्याच्या आत असे आणि पायटा उलटा मारला की तो लागे. संपूर्ण उतार ब्रेक लावून उतरल्यावर आतील ग्रीस तापून धूर होऊन निघून जाई. मग तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरावयाचे, म्हणून ‘रीपॅक’. चार्ली केली शर्यती भरवीत. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही त्या काळातील मंडळी. ब्रीझ यांनी १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी नवा सांगाडा बनविला; १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी रिचींनी केलेल्या सांगाड्यांवर सायकली जोडून विकावयास सुरुवात केली. १९८१ मध्ये माइक सिन्यार्ड यांच्या स्पेशलाइज्ड या कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टंपजंपर’ ही सायकल आणली, आणि हा नाद सामान्य दुकानापर्यंत पोहोचला.

आता यातील अडचण लक्षात घ्या. सांगाडा नवा झाला; परंतु त्यावर बसविण्याचे भाग कोठे होते? कोणी मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी लावी, कोणी लांबच्या प्रवासासाठी केलेल्या सायकलींचे दातेरी चक्र, कोणी आणखी कोठला गिअर. प्रत्येक सायकल म्हणजे जुळवाजुळव. चिखल आत शिरे, पाणी शिरे, चेन उडे, आणि उतारावर ब्रेकने दगा दिला तर गाठ थेट हाडवैद्याशी.

या वेड्या तरुणांकडे सायकलधंद्यातील पुष्कळ प्रतिष्ठितांनी दुर्लक्ष केले. दाढ्या वाढविलेली, मळके कपडे घातलेली मुले भंगारातील सायकली डोंगरावरून लोटून देतात, यात व्यापार तो काय दिसणार? परंतु अमेरिकेत गावोगाव पसरलेल्या शिमानोच्या माणसांपर्यंत ही वार्ता पोहोचली आणि तेथून ती साकाईस गेली. अभियंते कॅलिफोर्नियात आले. डोंगरावर काय मोडते, ते त्यांनी मोडताना पाहिले. १९८२ मध्ये शिमानोने ‘डिओरे एक्सटी’ या नावाने डोंगरी सायकलीसाठी मुद्दाम घडविलेला भागांचा पहिला संच बाजारात आणला. त्यात पुढील बाजूस तीन दातेरी चक्रे होती, म्हणजे खड्या चढावरही पाय फिरत राहावेत. सांध्यांस चिखल व पाणी यांपासून संरक्षण होते. गिअर बदलण्याची खिटी हँडलवर अंगठ्याजवळ आली, म्हणजे उतारावर हात सोडावा लागू नये. या प्रत्येक सुधारणेमागे कोणा ना कोणा घसरून पडलेल्या तरुणाची तक्रार आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

यानंतर १९८४ च्या सुमारास, खिटी सरकविताच ‘खट्’ असा आवाज होऊन गिअर नेमका जागी बसावा अशी योजना शिमानोने शर्यतीच्या सायकलींत आणली, आणि १९८७ मध्ये ती डोंगरी सायकलींतही आली. तोवर गिअर बदलणे ही अंदाजाची, सवयीची कला होती. आता ते नवशिक्यासही साधू लागले. १९९० मध्ये डोंगरी सायकलींची अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा डुरँगो येथे झाली, आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या क्रीडेस स्थान मिळाले. भंगारातील सायकलींपासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास अवघ्या वीस वर्षांचा आहे. योशिझो १९९५ ते २००१ या काळात संपूर्ण कंपनीचे अध्यक्ष होते. २०२० मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की ही एक गोड यशोगाथा झाली. परंतु एकच बाजू सांगणे आमच्या पेशास शोभणार नाही. आम्हांस नेहमी दोन्ही बाजूंच्या नोंदी पाहाव्या लागतात.

पहिली नोंद अशी की, मरिनच्या तरुणांचा आवडता गिअर शिमानोचा नव्हता. तो होता सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीचा. तिरक्या चौकटीचा गिअर बदलण्याचा उत्कृष्ट मार्ग सनटूरने १९६४ मध्ये शोधला होता व त्याचे एकस्व घेतले होते. त्या एकस्वाची मुदत १९८० च्या दशकाच्या मध्यास संपली; शिमानोने ती युक्ती आपल्या नव्या योजनेशी जोडली आणि पुढे निघून गेले. सनटूर मागे पडत गेली आणि पुढील दशकात तिचा मूळ व्यवसाय संपुष्टात आला. तेव्हा केवळ कल्पकता पुरी पडत नाही, हा एक धडा.

दुसरी नोंद शिमानोच्या विरुद्ध आहे. १९८७ मध्ये शिकागो येथे काही तरुणांनी स्रॅम नावाची कंपनी काढली. त्यांची एकच वस्तू होती. हँडलची मूठ पिळली की गिअर बदलावा, अशी ती योजना. परंतु सायकल-कारखानदार ती घेण्यास कचरत. कारण असे की, सर्व भागांचा संच शिमानोकडून घेतल्यास किमतीत सूट मिळे. एखादा भाग दुसऱ्याचा लावल्यास ती जाई. १९९० मध्ये स्रॅमने याविरुद्ध न्यायालयात दावा लावला, आणि १९९१ मध्ये उभयतांनी न्यायालयाबाहेर तडजोड केली. त्यानंतर स्रॅमचा मार्ग मोकळा झाला व तीही पुढे फार मोठी झाली. एका लेथवर आरंभ करणारा मनुष्य मोठा झाल्यावर दुसऱ्या लहानाची वाट अडवू लागतो, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. म्हणून तर आमच्यासारख्यांच्या खात्यांची आवश्यकता भासते. जे तरुण व्यवसायात उतरू पाहतात, त्यांनी ही दुसरी नोंदही वाचावी.

आता थोडे आपल्याकडे वळू. सायकलीचा धंदा आणि मराठी माणूस यांचे नाते नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढविले. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामुअण्णा त्या विकीत. पुढे बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरीस रामराम ठोकला. या सभागृहात बढती डावलल्या गेलेले किती जण आहेत, हे आम्ही विचारणार नाही. आम्ही स्वतः त्यांत आहोत, आणि आम्ही केले ते एवढेच की एक निवेदन लिहून पाठविले. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकावयास दोन वर्षे लागली. त्यांनीही शेतकऱ्यांच्या दारी जाऊन, त्यांची शंका ऐकून, नांगर चालवून दाखविला. साकाईच्या तरुणाची आणि या बेळगावकराची भेट होणे शक्य नव्हते. तरी दोघांची रीत एकच होती.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे झाली. ज्यांनी हे मंडळ स्थापन केले त्यांतील बहुतेक जण रेल्वे, टपाल, संरक्षण-उत्पादन आणि बँका यांतील नोकऱ्यांनिमित्त या शहरात आले. त्यांनी गणेशोत्सव सुरू केला, वाचनालय उभारले, मुलांसाठी रविवारचे मराठीचे वर्ग काढले. हे ऋण आपण विसरू नये. परंतु महोत्सवाच्या वर्षी एक अप्रिय गोष्टही बोलली जावी. आपण या शहरात पन्नास वर्षे राहिलो, पण या शहराचे म्हणणे आपण किती ऐकले? शेजारच्या दुकानदाराची भाषा आपणांपैकी कितीजणांना व्यवहारापुरतीच नव्हे, तर त्याचे सुखदुःख समजण्यापुरती येते? संक्रांतीस तिळगूळ आपण एकमेकांस देतो. तो पलीकडच्या गल्लीत किती वेळा गेला? आम्ही स्वतः लुधियान्यात चार वर्षे राहिलो आणि पंजाबी लिपी शिकलो नाही. बदली होणारच, मग कशाला, असे वाटे. ज्या सरदारजींनी फ्रीव्हीलचे मर्म सांगितले, त्यांचे नावदेखील आज आमच्या स्मरणात नाही. तपासणीच्या अहवालात मात्र त्यांच्या कारखान्याचा क्रमांक आम्ही अचूक लिहिला होता.

आता ते घरगुती कारण.

आमची कन्या यंत्र-अभियंता आहे. तिच्या कंपनीने तिला दोन वर्षांसाठी तैवानमधील तायचुंग येथे पाठविले. हे शहर सायकलींच्या सुट्या भागांचे जगातील मोठे केंद्र आहे. मुदत संपत आली तेव्हा गेल्या दिवाळीत ती घरी आली, आणि पाडव्याच्या दिवशी फराळ चालू असता म्हणाली, ‘बाबा, मी नोकरी सोडते आहे. तिथेच राहणार. तिथली एक मैत्रीण आणि मी मिळून डोंगरी सायकलींच्या ब्रेकचे भाग करणार आहोत.’

आम्ही काय म्हणालो ते सांगावयास लाज वाटते. भविष्य निर्वाह निधी, वैद्यकीय विमा, वय, लग्न, अशी आमच्या कोष्टकातील सर्व कलमे आम्ही एकामागून एक वाचून दाखविली. आमच्या सौभाग्यवती गप्प होत्या. त्यांनी केवळ तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. कन्येने सर्व ऐकून घेतले. शेवटी आम्ही आमचा हुकमी मुद्दा काढला, ‘अगं, त्या लोकांची भाषा तरी येते का तुला?’

ती म्हणाली, ‘शिकते आहे, बाबा. घराजवळ एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथले आजोबा मला रोज संध्याकाळी बसू देतात. लोक काय काय मोडून आणतात ते मी वहीत लिहून ठेवते. भाषाही तिथेच शिकले.’

तिने वही दाखविली. अर्धी वही आम्हांस न कळणाऱ्या लिपीत होती आणि अर्धी मराठीत. मराठीच्या अर्ध्यात कोणाचा ब्रेक पावसात ओरडतो, कोणाची मूठ पडल्यावर तुटते, कोणाच्या लहान हातास ती पुरत नाही, अशी नोंद तारखांसह होती. आम्ही आयुष्यभर नोंदवह्या तपासल्या आहेत. इतकी खरी नोंदवही आमच्यासमोर क्वचितच आली असेल. शिमानोंची हकीकत आम्ही त्यानंतर वाचली; ती त्या वहीमुळे वाचली.

तिचा उद्योग चालेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. सनटूर उत्तम माल करूनही गेली, हे आताच आपण ऐकले. मोठे तिची वाट अडवतील, लाट येईल आणि ओसरेल. रात्री मध्येच जाग येते तेव्हा हे सर्व विचार मनात येतात आणि आम्ही उठून पाणी पितो. परंतु तिने अवघड वस्तू निवडली आहे आणि ती ऐकून घेते आहे. या दोन गोष्टी तिच्या खात्यात जमा आहेत. ती आमची परवानगी मागत नव्हती, आपला बेत केवळ कळवीत होती, हेही आम्हांस थोडे उशिरा उमगले.

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आचारनियमांनुसार, कुटुंबातील कोणी व्यापार-उद्योगात असल्यास ते शासनास कळवावे लागते. कन्या आता आमच्यावर अवलंबून नाही. तेव्हा हे बंधन आम्हांस बहुधा लागू होत नाही. तरीही दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही ते पत्र लिहिले व रीतसर वरिष्ठांकडे पाठविले. ‘व्यवसाय’ या रकान्यात लिहिले, ‘सायकलींच्या ब्रेकचे सुटे भाग, तायचुंग.’ बाहेर पाठविलेल्या कागदांत इतक्या अभिमानाने स्वाक्षरी केल्याचे आम्हांस दुसरे उदाहरण आठवत नाही. त्या पत्राची एक प्रत आम्ही तिलाही पाठविली.

मंडळातील वडीलधाऱ्यांना आमची एक नम्र विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आज दूरदेशी आहेत. ती भेटावयास आली की आपण सहज विचारतो, ‘काय रे, परत कधी येणार?’ प्रश्न प्रेमाचा आहे, आम्हीही तो विचारतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : ‘तिथे तू काय करतोस, ते जरा नीट समजावून सांग.’ आणि मग उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. आम्ही हे करून पाहिले आहे. पहिली दहा मिनिटे फार कठीण जातात.